पळणारी एक, बाकीचे सल्लागार

माणूस धावायला लागला की सुरुवातीला त्याचा त्रास ज्याचा त्यालाच होतो. पाच किलोमीटर, दहा किलोमीटर ही अंतरं घरच्यांच्या झोपेतच उरकतात. हाफ मॅरेथॉनचंही तसंच. आपण रविवारी दात घासायला उठतो तोवर हा इसम पळून, मेडल चावतानाचा फोटो टाकून, वर दोन प्लेट इडली हाणून परत आलेला असतो. पूर्ण मॅरेथॉनला निदान एका नातेवाइकाने शेवटच्या रेषेजवळ टाळ्या वाजवत उभं राहावं, अशी माफक अपेक्षा असते. पण माणूस अल्ट्राकडे वळला की प्रकरण त्याच्या हातात राहत नाही. घरातल्या प्रत्येकाला काम लागतं, आणि ज्याला काम मिळत नाही तो रुसतो.

आमच्याकडे ही वेळ वहिनीमुळे आली. वहिनी बँकेत आहे. दिवसभर लोकांना केवायसीची कागदपत्रं मागून मागून तिच्यात जी चिकाटी साठली होती, ती कुठे खर्च करावी हे तिला कळत नव्हतं. ते तिला सिंहगडाच्या पायवाटेवर कळलं. आता मॅरेथॉन हा शब्द उच्चारताना आपला आवाज आदराने जरा वर जातो, तिचा खाली येतो. ‘ती होय, रस्त्यावरची’ असा काहीसा.

अल्ट्राची व्याख्या सोपी आहे. ४२.१९५ किलोमीटरपेक्षा जे लांब ते सगळं अल्ट्रा. त्यातल्या शेवटच्या १९५ मीटरचं पाप १९०८ सालच्या लंडन ऑलिंपिकचं. शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघावी आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपावी म्हणून अंतर तेवढं भरलं, आणि १९२१ साली तेच कायम झालं. कुणा राजाच्या बसण्याच्या सोयीने ठरलेलं अंतर जगभरची माणसं गुडघे झिजवत इमानाने पाळतात, याचं मला आधीच नवल वाटायचं. त्यात हे अल्ट्रावाले. यांना राजाची सोयही पुरत नाही.

वहिनीने निवडलेली शर्यत ५३ किलोमीटरची होती. सिंहगड, राजगड, तोरणा. पुण्यातल्या कुठल्याही ट्रेकरला ही वाट ठाऊक असते. वाटेत मुक्काम करत, पिठलं रांधत, रात्री गाण्यांच्या भेंड्या खेळत लोक ती दोन-तीन दिवसांत करतात. ही मंडळी ती एका दिवसात उरकतात, आणि त्याचे पैसे भरतात. पैसे भरण्याचा मुद्दा आईला शेवटपर्यंत पटला नाही. “डोंगर सरकारचे, पाय आपले, मग पैसे कसले?” या प्रश्नाला घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं.

शर्यत डिसेंबरात का, तर सह्याद्रीत पळायला दुसरा महिनाच नाही. पावसात वाटेवर शेवाळ आणि उन्हाळ्यात टाकी कोरडी. डिसेंबरात गवत पिवळं पडलेलं, वाट उघडी पडलेली, आणि पहाटे बोटं बधिर होतील एवढा गारठा. याला हिवाळी शर्यत म्हणतात. पण आपल्या हिवाळ्याची ड्युटी सकाळी नऊपर्यंतच असते. पुढे अकरा ते चार उघड्या सोंडेवर जे ऊन लागतं, त्याला कुठलाच ऋतू आपलं म्हणायला तयार होणार नाही.

एका रात्री जेवताना वहिनी सहज म्हणाली, “मला सपोर्टला कुणीतरी एक जण लागेल. गाडी घेऊन दोन-तीन ठिकाणी उभं राहायचं, बाटली भरून द्यायची, बस.”

एक जण! आमच्या घरात पासपोर्टचा फोटो काढायला चौघं जातात. बघता बघता घराचं लग्नघर झालं. याद्या निघाल्या, बैठका झाल्या, मानपान ठरले. दादा नवरा या नात्याने गाडीचा सारथी आणि, त्याच्या मते, मोहिमेचा सरसेनापती. पुतण्याने वेळापत्रक बनवलं: अमुक गावी अमुक वाजता, तीन रंगांत. वहिनीच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला तिच्या पायाला दुखापत झाल्यामुळे तज्ज्ञ म्हणून घेतलं. वरच्या मजल्यावरचे काका आमंत्रणाशिवाय आले. शाळेत असताना ते रिलेत पळाले होते आणि त्या शंभर मीटरच्या भांडवलावर ते गेली पन्नास वर्षं सल्ले देत आहेत. मला पाण्याचे कॅन उचलायचं काम मिळालं. धाकट्या दिराला लग्नातही तेच मिळतं. आणि आई. “सून रानावनात पळणार आणि मी घरी मालिका बघत बसू?” असं म्हणून तिने डिंकाचे लाडू वळायला घेतले.

शर्यतीसोबत घेण्याच्या वस्तूंची यादी आली होती. ती आईने चष्मा लावून वाचली. हेडलॅम्प, शिट्टी, पाण्याची पिशवी असलेली पाठपिशवी, आणि एक चंदेरी पांघरूण. हे पांघरूण घडी घातल्यावर मुठीत मावतं आणि उलगडलं की चॉकलेटच्या कागदासारखं कुरकुरतं. अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, असं त्याचं शास्त्र. आईने ते दोन बोटांत धरलं, दिव्यासमोर धरलं आणि काही न बोलता आपली शाल आणून शेजारी ठेवली. वहिनीनेही काही न बोलता ती शाल परत कपाटात ठेवली. शर्यतीच्या दिवशी ती गाडीत निघाली, ते मी पुढे सांगतो.

पहाटेचं ते दृश्य मात्र बघण्यासारखं होतं. पायथ्याशी काळोखात कपाळावर दिवे लावलेली शेकडो माणसं हाफपँटमध्ये कुडकुडत होती, आणि त्यांना निरोप द्यायला आलेले लोक स्वेटर, मफलर, कानटोपी, हातमोजे अशा थाटात होते. पळणाऱ्यांच्या चेहऱ्यावर भीती असायला हवी होती. तशी ती होतीही, पण ती जास्त करून मोबाइल टॉयलेटच्या रांगेविषयी होती. दादा वहिनीला तानाजी मालुसऱ्यांची हकिगत सांगू लागला. “विचार कर. फेब्रुवारी १६७०. हीच थंडी. रात्रीची वेळ. अख्खा कडा चढून गेले.” वहिनी म्हणाली, “हो, आणि वर गेल्यावर त्यांना कुणी विचारलं नाही की ओआरएस संत्र्याचं हवं का लिंबाचं. ते मगाशी तुला विचारलंय, सांग.” तेवढ्यात शर्यत सुटली. दिव्यांची माळ वळणं घेत डोंगराला लागली, आणि पायथ्याशी उरलो आम्ही, लिंबाच्या ओआरएससह.

इथून सपोर्टचा खरा अर्थ कळायला लागतो. सपोर्ट म्हणजे थांबणं. आधी पोहोचायचं, मग थांबायचं. आम्ही पाबे खिंडीतून गाडी काढून विंझरला आलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि वेळापत्रकाप्रमाणे वहिनी यायला बराच अवकाश होता. ती सिंहगडाच्या कल्याण दरवाज्यातून उतरून डोंगरधारेने येणार होती. धार समोर दिसत होती. तिच्यावर हलणारा प्रत्येक ठिपका वहिनी आहे असं प्रत्येकाने एकदा तरी जाहीर केलं. त्यातले दोन ठिपके शेळ्या निघाल्या.

वेळ टळून गेली तसा रेंज गेलेल्या फोनकडे बघत प्रत्येकजण आपापला सिद्धांत मांडू लागला. काकांच्या मते तिने सुरुवात जोरात केली. मैत्रिणीच्या मते तिने सुरुवात हळू केली. पुतण्याच्या मते चूक वेळापत्रकात नसून डोंगरात होती. आई पदराखाली जप करत होती. दादा रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता. इतक्या, की सकाळी नऊच्या सुमाराला त्याच्या मनगटावरच्या घड्याळाने थरथरून दिवसभराचं चालण्याचं उद्दिष्ट पूर्ण केल्याबद्दल त्याचं अभिनंदन केलं.

गावातले एक आजोबा कडबा घेऊन चालले होते. ते थांबले. “काय हाये आज?”

“शर्यत आहे. सिंहगडापासून तोरण्यापर्यंत पळतात.”

“पळून काय भेटतं?”

“मेडल.”

“सोन्याचं?”

“नाही, धातूचंच असतं.”

आजोबांनी आमच्याकडे नीट बघितलं. आमच्या खुर्च्या, थर्मास, छत्री, कॅन, डिंकाचे लाडू, सगळं. “आन् तुमास्नी काय भेटतं?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. माझ्या मते त्या दिवशी विचारला गेलेला हा सर्वांत रास्त प्रश्न होता.

खरं तर या डोंगरात पळणं आणि चढणं याचं कुणाला अप्रूप असायचं कारणच नाही. सिंहगडावर डोक्यावर दह्याची मडकी आणि पाण्याचे कॅन घेऊन जी माणसं वर्षानुवर्षं चढली, त्यांच्या छातीवर कुणी नंबर लावला नाही आणि वर पोहोचल्यावर त्यांच्या गळ्यात काही घातलं नाही. आपण त्यांच्याकडून दही घेतो आणि वर विचारतो, एवढं महाग का?

वहिनी आली ती मात्र मजेत आली. गाल लाल, पोटऱ्यांवर कारवीचे ओरखडे. मदत फक्त ठरवून दिलेल्या जागीच करायची, अन्यथा स्पर्धक बाद, असा नियम होता. आईला ती दुरून दिसताच आई लाडू घेऊन बांधावरून निघाली. एका स्वयंसेवक मुलाने तिला अडवलं. “आजी, इथे नाही देता येणार.” आई म्हणाली, “तू पहाटेपासून इथेच उभा आहेस?” मुलगा हो म्हणाला. “खाल्लंयस काही?” मुलगा नाही म्हणाला. संपलं. नियम पाळला गेला आणि लाडूही सार्थकी लागला. दुपारपर्यंत त्या पट्ट्यातल्या सगळ्या स्वयंसेवकांना आमची गाडी ओळखू यायला लागली होती.

लाडू वहिनीने खाल्लाच नाही, आणि त्याला कारण होतं. माणूस पळत असतो तेव्हा रक्त पायांकडे धावतं, पोटाच्या वाट्याला थोडं येतं. अशा पोटात तूप आणि सुकं खोबरं टाकलं तर ते तिथेच ठाण मांडतं. म्हणून ही माणसं जेल नावाचा गोड चिकट पदार्थ पुडीतून चोखतात. चार-पाच तासांनी त्या गोडाची अशी शिसारी येते की पुडी बघितली तरी मळमळतं. शिवाय घामातून मीठ जातं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस बरळायला लागतो. हे सगळं मैत्रिणीने आम्हाला गाडीत समजावलं होतं. आईने ते लक्ष देऊन ऐकलं होतं, आणि गुंजवण्याला पोहोचल्यावर तिने पिशवीतून एक स्टीलचा डबा काढला. त्यात उकडलेले बटाटे होते. सोलून, चौकोनी चिरून, वर मीठ आणि किंचित जिरेपूड.

गुंजवण्याला वहिनी आली ती सकाळची वहिनी नव्हती. ऊन चढलं होतं. ती खुर्चीत बसली नाही, कोसळली. तिने बूट काढले, मोजे उलटे केले आणि त्यातून मुरूम असा पडला की दादाने नकळत तो पायाने एका बाजूला सारून ढीग केला. लांब अंतरात पाय सुजतात म्हणून बूट अर्धा नंबर मोठे घेतात, पण उतारावर त्या मोठ्या बुटातही अंगठा पुढे जाऊन आपटत राहतो. डाव्या अंगठ्याचं नख निळं झालं होतं. मैत्रिणीने टाचेवरचा फोड पुसून त्यावर पट्टी लावली, बोटांच्या मधे व्हॅसलीन चोपडलं. तेवढ्यात काका म्हणाले, “श्वास नाकाने घेत जा.” दादा म्हणाला, “आता फक्त दोनच गड राहिलेत.” पुतण्या म्हणाला, “मम्मी, तू वेळापत्रकाच्या पन्नास मिनिटं मागे आहेस.” मी म्हणालो, “वहिनी, एकदम फ्रेश दिसतेयस.” हे सगळं एका मिनिटात झालं.

वहिनीने डोळे मिटले. आईने काही विचारलं नाही. डबा उघडला आणि बटाट्याची फोड तिच्या तोंडापुढे धरली. वहिनीने ती खाल्ली. मग दुसरी. अख्खा डबा संपेपर्यंत सासू-सुनेत एक शब्द झाला नाही. आमच्या घरात हा प्रकार पूर्वी घडल्याचं मला आठवत नाही. डब्याचं झाकण लावून आई म्हणाली, “ऊठ.” आणि ती उठली.

ती राजगडाच्या चढाला लागली आणि आई एकदम चपापली. “अरे, ही तर चालतेय!” मैत्रिणीने सांगितलं की अल्ट्रात चढावर सगळेच चालतात, पहिला येणारासुद्धा बराच चालतो. पळून जेवढी मिनिटं वाचतात त्याच्या दुप्पट पुढे फेडावी लागतात. आईचा यावर विश्वास बसला, पण पैसे भरण्याचा मुद्दा पुन्हा वर आला. “चालायचेच होते तर एवढे कशाला घेतले?”

तिथून आमचा पुढचा मुक्काम थेट वेल्ह्याला. वहिनी पद्मावती माचीवर चढून, संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून, मधली सगळी धार तुडवत तोरण्याच्या बुधला माचीला भिडणार होती. तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि तो शेवटी ठेवलाय. ज्याने हा क्रम ठरवला त्याला लहानपणी कुणीतरी फार छळलेलं असणार.

वेल्ह्यात चहा घेताना पुतण्याने आजीला जास्मिन पॅरिसची गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये ऐन जानेवारीत ‘स्पाइन रेस’ होते. पेनाइन वे नावाची डोंगरवाट, ईडेलपासून स्कॉटलंडमधल्या कर्क येटमपर्यंत, सुमारे ४३१ किलोमीटर, चिखल, बर्फ आणि बराचसा काळोख. २०१९ साली ही बाई त्यात उतरली तेव्हा तिची मुलगी चौदा महिन्यांची होती. थांबण्याच्या ठिकाणी इतर लोक डुलकी काढत तेव्हा ही बाळासाठी दूध काढून ठेवायची. आणि ८३ तास १२ मिनिटं २३ सेकंदांत ती सगळ्या बायका-पुरुषांच्या आधी पोहोचली. आधीचा विक्रम तिने बारा तासांनी मोडला.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, “आमची हिरकणी तेच म्हणते की. बाळासाठी कडा उतरली.” हे मला पटलं. रायगडाचा दरवाजा बंद, कडा उभा, रात्र अंधारी. यापेक्षा कडक ट्रेल कोण आखणार? पण आईचं संपलं नव्हतं. “आणि तीन-साडेतीन दिवस त्या बाळाला कोण बघत होतं?” पुतण्याला ते ठाऊक नव्हतं. “बघ,” आई म्हणाली, “कुणीतरी रात्र-रात्र जागलं असेलच ना? त्याचे तास-मिनिटं-सेकंद कुणी मोजले?” काकांनीसुद्धा यावर काही सल्ला दिला नाही.

ऊन कललं. तोरण्याच्या उतारावर घसारा फार, आणि थकलेल्या मांड्यांना चढापेक्षा उतार छळतो. गळाठलेले लोक एकेक करून येऊ लागले. कुणी लंगडत, कुणी हसत, एक जण सेल्फी घेता घेता रडत. प्रत्येकाच्या घरच्यांचा एक घोळका पुढे धावायचा, आणि गंमत म्हणजे त्या शेवटच्या शंभर मीटरांत पळणाऱ्यापेक्षा घोळकाच जोरात पळायचा. अंधार पडायच्या बेताला वहिनी आली. कट-ऑफच्या आत. दादाने पाठ केलेलं वाक्य होतं, ते तो विसरला. आईने गाडीतून शाल आणली (सकाळी डिकीत कुणी ठेवली हे आता सर्वांना कळलं) आणि तिच्या खांद्यावर टाकली. या खेपेला शाल परत गेली नाही. आयोजकांनी दिलेलं मेडल वहिनीने थोडा वेळ घातलं, मग वजन होतंय म्हणून आईच्या हातात दिलं. आईने ते उलटंसुलटं करून बघितलं, पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली. ते अजून तिथेच आहे. मागायची कुणाची छाती नाही.

दुसऱ्या दिवशीचा अहवाल असा. दादाची कंबर धरली. आईचा घसा बसला. काकांना ऊन लागून पित्त झालं, मैत्रिणीची जुनी दुखापत उमळली, पुतण्या बारा तास झोपला आणि कॅन उचलून माझा उजवा खांदा वर जाईना. घरात आयोडेक्सचा असा घमघमाट की वॉचमनने विचारलं. वहिनी जिना उलटा उतरत, म्हणजे पाठ खाली आणि तोंड वर करून, कठड्याला धरत वेळेवर बँकेत गेली. संध्याकाळी येताना तिने पुढच्या वर्षीचा फॉर्म भरला असल्याचं सांगितलं. या वेळी तिने ‘एक जण’ असा शब्दही काढला नाही.

तेव्हा वाचकांपैकी कुणाची तयारी असेल तर कळवावं. पहाटे तीनला उठता यावं, बटाटे सोलता यावेत, आणि धापा टाकणाऱ्या माणसासमोर दहा मिनिटं तोंड मिटून उभं राहता यावं, एवढीच पात्रता. गाडीत एक जागा आहे. सल्लागाराची जागा मात्र काकांनी ऑक्टोबरातच अडवून ठेवली आहे.